उंदरांचा पोळा

ज्या समाजात मुक्या जिवाच्या बाजूने बोलणारा एकही माणूस नाही, त्या समाजाने स्वतःला सुसंस्कृत म्हणवून घेऊ नये.

हे वाक्य माझं आहे. गेल्या वर्षी श्रावणात, गोंदियाबाहेरच्या एका औषधनिर्माण महाविद्यालयातल्या बैठकीत मी ते उभं राहून म्हटलं. बसूनही म्हणता आलं असतं. बाकी सगळे बसूनच बोलत होते. माझ्या शेजारी पशुवैद्यकीय डॉक्टर समोसा खात होते. माझं वाक्य संपेपर्यंत त्यांनी घास चावायचं थांबवलं आणि संपल्यावर पुन्हा सुरू केलं. मी ती दाद समजलो.

बैठक होती प्राण्यांवरील प्रयोगांच्या नैतिकता समितीची. औषधांच्या प्रयोगासाठी जिथे उंदीर, ससे पाळतात तिथे अशी समिती असावीच लागते. प्राण्यांवाचून भागेल का, भागत नसेल तर कमीत कमी किती लागतील, त्यांना त्रास कमी कसा होईल, हे समितीने विचारायचं. आणि ती हो म्हणेपर्यंत एकाही उंदराला सुई लावायची नाही. समितीत शास्त्रज्ञ असतात, जनावरांचा डॉक्टर असतो, केंद्राच्या वतीने बाहेरून आलेलं कोणीतरी असतं. आणि शास्त्रज्ञांनी शास्त्रज्ञांनाच माना डोलवत बसू नये म्हणून, विज्ञानाशी संबंध नसलेला पण सामाजिक जाणीव असलेला एक माणूस असतो. तो मी.

मी इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक. प्राचार्यांचा फोन आला, "सर, आम्हाला सामाजिक जाणीव असलेली व्यक्ती पाहिजे," तेव्हा मी आधी नम्रपणे नाही म्हणालो आणि त्यांनी फोन ठेवू नये म्हणून लगेच हो म्हणालो. पुढे कळलं की माझ्याआधी दोघांना विचारून झालं होतं. एक रायपूरला मुलीकडे राहायला गेले होते आणि दुसऱ्यांना उंदरांची भीती वाटत होती. बायकोला बातमी सांगितली तर ती म्हणाली, "सामाजिक जाणीव? समोरच्या घरात नवीन कोण राहायला आलं, ते तरी माहीत आहे का तुम्हाला?" मला माहीत नव्हतं. अजून नीटसं माहीत नाही.

सुरुवातीच्या बैठकांमध्ये मी प्रश्न विचारत असे. शास्त्रज्ञ लोक सामान्य माणसाच्या प्रश्नाला फार आदराने उत्तर देतात. इतक्या आदराने की दुसरा प्रश्न विचारायची हिंमत होत नाही. मग मी मान हलवू लागलो. अधूनमधून प्राणीगृहाची पाहणी असे. आत जायचं तर झगा, टोपी, मास्क, पायात पिशव्या असा सगळा सरंजाम चढवावा लागतो, म्हणून मी बाहेरच्या काचेतून पाहत असे. काचेपलीकडे पांढरे उंदीर ठरलेला खुराक खात असायचे. कॉलेजच्या भिंतीला लागून एक राईस मिल आहे. तिथले काळे उंदीर कोणत्याही समितीच्या मंजुरीविना आयुष्यभर धान खाऊन लठ्ठ झालेले होते. देखरेख नक्की कोणाच्या भल्याची, असा विचार तेव्हा मनात येऊन गेला, पण तो बोलून दाखवण्याइतका मी स्वतंत्र नव्हतो.

स्वतंत्र होण्याची इच्छा मात्र होती. कार्यवृत्तात माझं नाव उपस्थितांच्या यादीपलीकडे कधी जात नसे. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना राजेरजवाड्यांचा पोकळ डामडौल हसतहसत शिकवला, आणि आता एका कॉलेजच्या कार्यवृत्तात एक ओळ मिळावी म्हणून माझा जीव तुटत होता.

तर त्या श्रावणातल्या बैठकीत सगळे विषय संपले. केंद्राच्या वतीने नागपूरहून येणाऱ्या मॅडम गाडी गाठायला निघून गेल्या. अध्यक्षांनी, म्हणजे प्राचार्यांनी, 'ऐनवेळचे विषय' असं म्हणून सभोवार पाहिलं. असं ते नेहमीच पाहतात आणि कोणाचाच काही विषय नसतो. मी उभा राहिलो. ते वरचं वाक्य म्हटलं. मग म्हणालो, "पोळा जवळ आला आहे. आपल्या झाडीपट्टीत पोळ्याच्या दिवशी जनावराला कामाला जुंपत नाहीत. आदल्या दिवशी त्याचे खांदे शेकतात, त्याला जेवणाचं आमंत्रण देतात. मग आपल्यासाठी राबणाऱ्या या छोट्या जनावरांनीच काय पाप केलं? माझा ठराव आहे की पोळ्याच्या दिवशी आपल्या प्राणीगृहात एकाही प्राण्याला हात लावला जाणार नाही. डोस नाही, सुई नाही. सुट्टी."

इथे एक खुलासा करायला हवा. माझ्या वाट्याच्या शेतातल्या धानाच्या बांध्या मी ठेक्याने दिल्या आहेत आणि त्यात ट्रॅक्टर चालतो. पोळ्याला त्यालाच हार घालतात. बैलाच्या खांद्याला मी शेवटचा हात कधी लावला ते मला आठवत नाही; बैल तर तेव्हाही नाखूषच होता.

पण ठराव मंजूर झाला. एकमताने. खोलीतली सगळी माणसं, मग ती पीएच.डी. असोत की नसोत, धान पिकवणाऱ्या घरांतली होती. पोळ्याच्या सुट्टीला विरोध करणारा माणूस या जिल्ह्यात सापडणं कठीण. आमगावकडच्या एका प्राध्यापकांनी तर टेबलावर हलकेच थाप मारली. डॉक्टरांनी दुसरा समोसा घेतला.

चार दिवसांनी बातमी छापून आली. 'प्रयोगशाळेतील मुक्या जिवांनाही पोळ्याची सुट्टी', आणि खाली माझा फोटो. बातमी कोणी दिली ते मी सांगणार नाही. फोटो मात्र माझ्याच कपाटातला होता.

त्याच संध्याकाळी एका व्यापाऱ्यांचा फोन आला. त्यांचं जीवदयेचं काम करणारं मंडळ आहे. "सर जी, पेपर देखा. दिल खुश हो गया. पोळे के दिन शाम को आपका सत्कार रखते हैं. शॉल, श्रीफळ, सब." मी म्हणालो, "अहो, कशाला एवढं?" हे वाक्य मी अशा बेताने म्हटलं की त्याचा अर्थ 'किती वाजता?' असा व्हावा. शाल-श्रीफळांच्या समारंभांची मी वर्षानुवर्षं टिंगल केली आहे. माझं निरीक्षण असं की शाल दुसऱ्याच्या खांद्यावर फारच हास्यास्पद दिसते.

पोळा चार-पाच दिवसांवर आला असताना एका सकाळी फाटकाशी स्कूटी थांबली. कॉलेजमध्ये एम.फार्म. करणारी एक मुलगी आली होती. समितीसमोर तिने आपला प्रयोग मांडला होता तेव्हा मी तिला पाहिलं होतं. चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या गावची, शेतकरी घरातली. मला वाटलं, आभार मानायला आली. मी चष्मा पुसून नीट बसलो.

"सर, तुम्ही उंदरायले सुट्टी कायले देली?"

"कशाला म्हणजे? पोळा आहे. त्यांचाही—"

"माझे आहेत ते उंदीर. माझ्या प्रयोगाचे. रोज सकाळी डोस असते त्यायले. चार हप्ते, रोज. दोन हप्ते झाले, न् पोळा बरोबर मधात येऊन राहिला."

"अगं, एका दिवसाने काय फरक पडतो?"

नेमकं याच वेळी बायकोने माझ्यासमोर स्टीलची छोटी वाटी ठेवली. त्यात माझी सकाळची गोळी असते. हातात दिली तर मी ती शर्टाच्या खिशात टाकून विसरतो, म्हणून वाटी.

मुलीने वाटीत पाहिलं. "ही कायची गोळी, सर?"

"रक्तदाबाची."

"एक दिवस नाही घेतली तर?"

"तर मी घर डोक्यावर घेते," बायको म्हणाली आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली. "बस गं तू. चहा ठेवते."

आमच्या घरात कोण कोणाच्या बाजूने आहे ते तेव्हाच ठरून गेलं.

मग मुलीने सगळं सांगितलं. तिच्या वडिलांना मधुमेह आहे. त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि बिजाच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवून सकाळी ते प्यायला सुरुवात केली. आमच्याकडच्या जंगलात बिजा होतो आणि असे पेले बाजारात मिळतात. पाणी सोनेरी पिवळं होतं आणि पाहणाऱ्याला वाटतं की एवढा रंग आहे म्हणजे गुणही असणार. "अर्धं गाव तेच पिऊन राहिलं," ती म्हणाली. "मी म्हटलं बाबा, गोळ्या घ्या. तर म्हणतात, तुले पुस्तकातलं समजते, झाडाचं नाही समजत. मी म्हटलं, ठीक आहे, मीच पाहीन. त्या पाण्यात काही असलं तर असलं म्हणीन, नसलं तर नाही. खरं काय ते त्यायच्या तोंडावर सांगाचं आहे मले. आता काय सांगू? पोळा होता, म्हणून समजलं नाही?"

"मग थोडं पुढे ढकलता येत नाही का? पोळ्यानंतर—"

"डोस तुटला का ही बॅच गेली, सर. मंग नवीन उंदीर आणा, त्यायले पहिलेपासून साखरेचा रोग लावा, पुन्हा चार हप्ते. तवरी माझी परीक्षा निघून जाते, न् बाबा गोळ्यायबिगर अजून सहा महिने काढतात. न् उंदीर तर..."

"उंदीर तर काय?"

"प्रयोग झाल्यावर मारावंच लागते ना त्यायले. तुमच्याच समितीनं मंजूर केलं, सर. म्हणजे हे वाया जातील न् तेवढेच दुसरे मरतील. तुमच्या एका सुट्टीपायी दुप्पट."

स्वयंपाकघरातून चहाच्या भांड्याचा आवाज येत होता, तो थांबला.

तिचा प्रयोग मंजूर करताना शेवटी प्राण्यांना मारलं जाईल, हे मी वाचलं होतं. वाचून मान हलवली होती. मरण्याला माझी हरकत नव्हती. सणाच्या दिवशी डोस पिण्याला होती. इतकी बारीक नैतिकता मी आजवर फक्त राजांच्या चरित्रांत पाहिली होती.

"मी विचार करून सांगतो," मी म्हणालो. त्यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. मला शालीचा विचार करायचा होता.

ती गेल्यावर मी प्राचार्यांना फोन लावला. त्यांनी पोळ्याच्या आदल्या दिवशी तातडीची बैठक बोलावली. मधल्या काळात मी इतिहासकाराला शोभेल अशी एक पळवाट काढली. डोस सकाळी असतो. पोळा भरतो तिसऱ्या प्रहरी. म्हणजे सुट्टी दुपारपासून द्यावी. डोसही होईल, ठरावही राहील, आणि संध्याकाळच्या कार्यक्रमालाही बाधा येणार नाही. बायकोला हे ऐकवलं. ती म्हणाली, "छान आहे. शाल कोणत्या रंगाची आहे?"

बैठकीत मी ही दुरुस्ती मांडली. या वेळी बसूनच.

नागपूरच्या मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मुलीचे मार्गदर्शक प्राध्यापकही समितीत होते; त्यांना त्यांनी आधी खोलीबाहेर बसायला सांगितलं, कारण ज्याचा प्रयोग त्याने त्यावरच्या चर्चेत बसायचं नसतं. जाता जाता ते मला म्हणाले, "सर, मी त्या दिवशीच बोलणार होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"घरी बैलजोडी आहे, सर. पोळ्याच्या सुट्टीला विरोध केला हे बाबांच्या कानावर गेलं असतं तर मला पुरणपोळी मिळाली नसती." आणि ते बाहेर गेले.

मॅडमनी विचारलं, "सर, सकाळच्या डोसनंतर एरवी दुपारी या उंदरांना काय काम असतं?"

मी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी डॉक्टरांकडे. "काही नसते," डॉक्टर म्हणाले. "खातात न् झोपतात."

"मग सुट्टी कशापासून?"

डॉक्टरांना माझी दया आली असावी. ते म्हणाले, "सर, मनावर नका घेऊ जी. पोळ्याले आपण बैलाले नांगरापासून सोडतो, औषधापासून नाही. उद्या कोणाचा बैल आजारी पडला तर मी काय सण आहे म्हणून इंजेक्शन नाही देऊ?"

मला वाद जिंकायचा नव्हता, पण सवय जात नाही. म्हणालो, "पण डॉक्टर, बैलाला आजारी आपण पाडत नाही. यांना आपणच पाडलं."

या समितीत इतक्या वर्षांत मी बोललेलं हे एकच वाक्य ठीक होतं, आणि त्याने काहीच ठरत नव्हतं. मॅडमनी मान हलवली, आदराने नव्हे, तर खरोखर ऐकून घेतल्यासारखी. मग विचारलं, "तुम्ही प्राणीगृह आतून पाहिलं आहे का?"

"काचेतून."

"कधीपासून सदस्य आहात?"

हे मी इथे सांगत नाही. तिथेही हळूच सांगितलं.

"तुम्हाला त्यांच्यासाठी काही मागायचंच असेल," त्या म्हणाल्या, "तर सुट्टी मागू नका. शेवटच्या दिवशी काय होतं ते मागा. मारताना डॉक्टर स्वतः हजर असावेत, आणि मधल्या दिवसांत एखादा फार खंगला तर त्याला शेवटपर्यंत ताटकळत ठेवू नये. हे आपण लिहून घेऊ शकतो."

मी पोळ्याचा ठराव मागे घेतला आणि हा मांडला. एकमताने मंजूर झाला. प्राचार्य म्हणाले, "पण सर, आधीचं पेपरात आलं आहे. लोक विचारतील." मी म्हणालो, "माझ्याकडे पाठवा." विचारायला कोणी आलं नाही. डॉक्टर बाहेर पडताना म्हणाले, "तुमच्या दयेचा डोस शेवटी मलेच बसला न, सर. महिनाअखेरीची सुट्टी गेली माझी."

घरी येऊन व्यापाऱ्यांना फोन केला. सत्काराचं कारणच उरलं नाही, हे मी जमेल तितक्या भारदस्तपणे सांगितलं. समजूत घालावी लागेल, असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "कोई बात नहीं सर जी. शॉल तो आ ही गई है, किसी और को ओढ़ा देंगे." मी फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "किरमिजी असेल. यांच्याकडे नेहमी किरमिजीच असते."

पोळ्याच्या सकाळी मी चहाही न घेता निघालो. मॅडमच्या प्रश्नाने रात्रभर टोचलं होतं, आणि डोस निदान एकदा तरी आतून पाहायचा होता. बायको पुरणाच्या डाळीत गुंतलेली होती. रस्त्याने पोरं बैल धुवायला नेत होती; फार बैल नव्हते, पण होते.

प्राणीगृहाच्या दाराला, ते सांभाळणाऱ्या काकांनी आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. डॉक्टर आधीच येऊन त्यांच्याशी बोलत होते. "पानावर काय काय असते, काका. रोग आत गेला मंजे?" काका म्हणाले, "सणाच्या दिवशी दार बोडकं नाही ठेवत, साहेब." शेवटी तोरण कॉलेजच्या मुख्य फाटकाला गेलं, आणि दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं की ते आपल्यासाठी आहे.

मी झगा घातला, टोपी घातली, पायांत पिशव्या चढवल्या. आरशात जे दिसलं त्याच्या खांद्यावर कोणतीही शाल शोभली नसती. आत गरम होतं आणि भुशाचा वास होता. मुलगी एकेक उंदीर डाव्या हातात घेई, बोथट टोकाची बारीक नळी त्याच्या तोंडातून आत सरकवी, पिचकारी दाबी, आणि पुन्हा पिंजऱ्यात सोडी. उंदीर दोन पायांवर बसून तोंड पुसायचा आणि कोपऱ्यात जायचा. एकाने नळी जाताना मागच्या पायांनी तिच्या हातमोज्याला ओरबाडलं. ती थांबली, त्याला सैल धरलं, हळूच काहीतरी म्हणाली आणि पुन्हा नळी धरली. माझ्या तोंडावर मास्क होता म्हणून बरं. अशा वेळी काहीतरी भव्य बोलायची मला सवय आहे.

ओळख पटावी म्हणून प्रत्येकाच्या शेपटीवर रंगीत रेघा होत्या. त्या पुसट झाल्या होत्या, म्हणून डोस झाल्यावर तिने त्या पुन्हा काढल्या. लाल, निळ्या, हिरव्या. बाहेर त्याच वेळी जिल्हाभर शिंगं रंगवली जात असणार. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "सर, थोडं बाजूले व्हा जी, उजेड अडून राहिला."

प्रयोग पूर्ण झाला. शेवटच्या दिवशी डॉक्टर हजर होते. मीही होतो, आणि त्याबद्दल मला लिहायचं नाही. निष्कर्ष असा निघाला की बिजाच्या पाण्याने साखर थोडी उतरते, पण गोळीइतकी नाही, आणि गोळीऐवजी तर मुळीच नाही. तिने हे वडिलांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "थोडी तर उतरते ना?" आता ते गोळी बिजाच्या पाण्याबरोबर घेतात. यात कोण जिंकलं याबद्दल घरात दोन मतं आहेत, असं ती सांगते.

पुढच्या बैठकीच्या कार्यवृत्तात एक ओळ आली. पोळ्याच्या दिवशी सामाजिक जाणीव असलेल्या सदस्यांनी प्राणीगृहाला भेट दिली आणि त्या दिवशी कोणाचाही डोस चुकला नाही, याची समितीने समाधानपूर्वक नोंद घेतली. इतक्या वर्षांनी मला हवी होती ती ओळ. तिच्यात एक चूक आहे, पण मी ती दुरुस्त करायला सांगितली नाही.

पोळ्याच्या त्या दिवशी प्राणीगृहातून तसाच बैलांचा पोळा पाहायला गेलो आणि संध्याकाळी घरी आलो तेव्हा टेबलावर स्टीलची वाटी होती, आणि सकाळची गोळी तिच्यात तशीच होती.